आधी कृपा, मग आज्ञापालन

आजचं मनन: फिलिप्पै २:१२-१३

प्रियांनो, पौल आपल्याला तारणाचं काम तडीस न्यायला सांगतो आणि लगेच म्हणतो की आपल्यात काम करतो तो देवच. मग करायचं कुणी? इथं मला पंडिता रमाबाई आठवतात.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. सेवा चालू होती, पण मनाला शांती नव्हती. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला धर्म मिळालाय, ख्रिस्त अजून मिळायचाय. तारण कमवायचं नसतं. पापी म्हणून, आहोत तसं येऊन फुकट घ्यायचं असतं.

मग त्या स्वस्थ बसल्या का? नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली नि विधवांना आणलं. केडगावचं मुक्ती मिशन असं वाढलं. हिब्रू-ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबलचं भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या.

मी सॉफ्टवेअरवाला. इनपुट दिलं तर आउटपुट मिळतं, हा माझा रोजचा हिशेब. कृपेचं उलटं आहे: आधी मिळतं, मग हात कामाला लागतात. आज एखादी आज्ञा जड वाटली, तर आधी प्रभूकडे बळ मागू या, आणि मग उठून ती पाळू या. आमेन.