डॉ. आनंद कुमारस्वामी : जैन चित्रकलेचे मर्मज्ञ

पर्युषण पर्वात कल्पसूत्राचे वाचन होते, तेव्हा त्या ग्रंथाची सचित्र पाने श्रावक-श्राविकांना दर्शनासाठी दाखविण्याची प्रथा श्वेतांबर परंपरेत जुनी आहे. त्रिशलामातेची चौदा स्वप्ने, भगवंतांचा जन्मोत्सव, पंचमुष्टी केशलोच, समवसरण हे प्रसंग आपण श्रद्धेने पाहतो. या लहानशा चित्रांना जगाच्या कलेतिहासात स्वतंत्र स्थान आहे, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य विद्वानांना पटवून देणारे जे मोजके अभ्यासक होऊन गेले, त्यांत डॉ. आनंद केंटिश कुमारस्वामी यांचे नाव अग्रभागी आहे. ते स्वतः जैन नव्हते, आणि कलेचे शिक्षणही त्यांनी कोणत्या विद्यालयात घेतले नव्हते. ते मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ होते.

त्यांचा जन्म दि. २२ ऑगस्ट १८७७ रोजी कोलंबो येथे झाला. वडील सर मुथु कुमारस्वामी हे सिलोनमधील नामांकित तमिळ विधिज्ञ. आई एलिझाबेथ बीबी या इंग्लंडच्या केंट परगण्यातील. आनंद दोन वर्षांचे होण्यापूर्वीच आईसमवेत इंग्लंडला गेले. वडील मागाहून जाणार होते. परंतु मे १८७९ मध्ये, प्रस्थानाच्या दिवशीच त्यांचे देहावसान झाले. त्यामुळे मुलाचे सारे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून त्यांनी १९०० मध्ये भूगर्भशास्त्र व वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी मिळविली आणि १९०३ मध्ये सिलोनच्या खनिज सर्वेक्षणाचे संचालक म्हणून ते जन्मभूमीस परतले. थोरियनाइट हे नवे खनिज प्रथम लक्षात आणून देण्याचे श्रेय त्यांचेच.

खनिजे शोधण्यासाठी खेडोपाडी हिंडत असताना त्यांना दुसरेच काही दिसू लागले. धातुकाम करणारे, विणकर, चित्रकार, हस्तिदंतावर कोरीव काम करणारे अशा पिढीजात कारागिरांची घरे एकामागून एक ओस पडत होती आणि यंत्रावर तयार झालेला परदेशी माल त्यांच्या जागी येत होता. खनिजांची नोंद करणाऱ्या त्याच काटेकोर पद्धतीने त्यांनी या कारागिरांच्या कामाची नोंद केली. त्यांतून १९०८ मध्ये मध्ययुगीन सिंहली कलेवरील त्यांचा बृहद्ग्रंथ सिद्ध झाला. विल्यम मॉरिस यांच्या केल्मस्कॉट मुद्रणालयातील हातयंत्रावर त्याच्या अवघ्या ४२५ प्रती छापण्यात आल्या. या कामाला पंधरा महिने लागले. हस्तकलेवरचा ग्रंथ हातानेच छापावा, एवढा त्यांचा आग्रह होता!

याच सुमारास ते भारतात आले. कलकत्त्यास ठाकूर परिवाराशी त्यांचा निकटचा संबंध आला. स्वदेशी चळवळीचे ते पुरस्कर्ते होते. तथापि विलायती वस्तूंच्या नकला येथेच तयार करणे म्हणजे स्वदेशी, हे त्यांना मान्य नव्हते. आपल्या कारागिराचे ज्ञान लयास गेले, तर राजकीय स्वातंत्र्य मिळूनही देश रिता राहील, असे ते सांगत.

त्या काळी युरोपातील अनेक मान्यवरांची समजूत अशी होती की, भारतात नक्षीकाम आहे, कारागिरी आहे. परंतु ज्याला उच्च कला म्हणावे असे काही नाही. जैन पोथ्यांतील चित्रांची तर उपेक्षाच होत असे. चेहरा एका बाजूने दाखविलेला, तरी पलीकडचा डोळा गालाबाहेर आलेला, नाक टोकदार, पार्श्वभूमी सपाट लाल वा निळी, दूरचे-जवळचे यांत भेद नाही. ग्रीक मूर्ती व इटालियन चित्रे यांच्यावर पोसलेल्या दृष्टीला हे सारे अडाणीपणाचे वाटे. (त्या बाहेर आलेल्या डोळ्याचा संबंध मंदिरातील मूर्तींना बसविल्या जाणाऱ्या स्फटिकनेत्रांशी काही अभ्यासक जोडतात. ही उपपत्ती सर्वमान्य नसली तरी विचार करण्याजोगी आहे.)

कुमारस्वामींनी प्रश्नच बदलला. चित्र खऱ्या वस्तूसारखे दिसते की नाही, हे विचारण्याआधी ते कशासाठी काढले आहे हे विचारावयास हवे, अशी त्यांची भूमिका होती. जैन कला या विषयावर १९१४ मध्ये त्यांनी लंडनच्या भारतीय कला व उद्योगविषयक नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला. या चित्रांचे सामर्थ्य रेषेत आहे, हे त्यांनी दाखविले. लेखनिक ज्या सहजतेने अक्षर काढतो, त्याच सहजतेने चित्रकार आकृती काढतो. चित्रही अक्षरासारखे वाचावयाचे असते. भगवंतांचा केशलोच पाहणाऱ्याला झाडाची सावली कोठे पडली याच्याशी कर्तव्य नसते. प्रसंग ओळखला, मन त्यात स्थिर झाले की चित्राचे कार्य झाले. तालपत्राला दोरा ओवण्यासाठी छिद्रे असत. पुढे कागद आला, छिद्रांची गरज उरली नाही, तरी त्यांच्या जागी सुंदर टिकल्या रंगविल्या जात राहिल्या. परंपरा कशी चालते हे त्या एका टिकलीत दिसते.

हीच कसोटी त्यांनी सर्वत्र लावली. अभिनयदर्पणाच्या इंग्रजी अनुवादात त्यांचा सहभाग होता (१९१७). नटराजमूर्तीवरील त्यांचा निबंध जगभर वाचला गेला. बुद्धमूर्तीचा उगम ग्रीक प्रभावात शोधणाऱ्यांना त्यांनी १९२७ मध्ये मथुरेच्या यक्षमूर्ती दाखविल्या. उत्तरायुष्यात मध्ययुगीन ख्रिस्ती संतांचे लॅटिन ग्रंथ व आपली शिल्पशास्त्रे ते शेजारी ठेवून अभ्यासीत. युरोपातील चर्च बांधणारा पाथरवट आणि आपला स्थपती कलेविषयी एकच भाषा बोलत होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. विशेष म्हणजे छायाचित्रण ही कला आहे काय, याबद्दल वाद चालू असता, आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांची २७ छायाचित्रे १९२४ मध्ये बोस्टनच्या संग्रहालयात घेतली गेली, ती त्यांच्याच प्रयत्नाने.

बोस्टनला ते कसे पोहोचले, ही कथा मात्र आपल्याला सुखावणारी नाही. उत्तर भारतात फिरून त्यांनी राजपूत व पहाडी चित्रे, तसेच जैन पोथ्या यांचा मोठा संग्रह केला होता. त्याच्या आधारे १९१६ मध्ये राजपूत चित्रकलेवरील त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मोगल शैलीहून भिन्न अशी ही परंपरा जगापुढे आली. हा संग्रह भारतातच राहावा, काशीस राष्ट्रीय संग्रहालय उभारून तेथे तो ठेवावा, अशी त्यांची इच्छा होती व तसा प्रस्तावही त्यांनी मांडला. त्यासाठी पुरेसा निधी उभा राहिला नाही. तशातच महायुद्ध आले; परतंत्र देशाचा पुत्र म्हणून ब्रिटिश सैन्यात सेवा करण्यास त्यांनी नकार दिला आणि इंग्लंड सोडले. १९१७ मध्ये डेन्मन रॉस या अमेरिकन दात्याने तो संग्रह विकत घेऊन बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाला अर्पण केला, व संग्रहाबरोबर कुमारस्वामीही तेथे भारतीय विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. अवघ्या तीन वर्षांनी, १९२० मध्ये, काशीत राय कृष्णदास यांच्या पुढाकाराने भारत कला भवन स्थापन झाले. पण तोवर पेट्या समुद्रापार गेल्या होत्या.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक वाटते. कलावस्तू वापरासाठी असते, काचेच्या कपाटासाठी नव्हे, हे आयुष्यभर सांगणाऱ्या या विद्वानाने तीस वर्षे संग्रहालयात नोकरी केली. ज्या पोथ्या वाचनासाठी लिहविल्या गेल्या त्या त्यांनीच जमा केल्या. त्यांना याची जाणीव होती. वस्तूंचे मूळचे जग मोडल्यावर त्या कशासाठी होत्या हे निदान समजावून सांगणे, हेच संग्रहालयाचे काम, असे ते मानीत. १९२४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली बोस्टनमधील जैन चित्रे व हस्तलिखितांची सूची याच भावनेने लिहिलेली आहे. पोथीतील चित्र समजण्यासाठी आधी तीर्थंकरचरित्र समजले पाहिजे, म्हणून तिच्यात धर्मकथांचा परिचय येतो. तिच्यानंतर हे काम आपल्याकडेही जोमाने सुरू झाले. अहमदाबादचे साराभाई नवाब यांचा 'जैन चित्रकल्पद्रुम' १९३६ मध्ये निघाला, आणि मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाचे डॉ. मोतीचंद्र यांचा पश्चिम भारतातील जैन लघुचित्रांवरील ग्रंथ १९४९ मध्ये.

ऑगस्ट १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला. त्याच महिन्यात वयाची सत्तर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा बोस्टनमधील स्नेह्यांनी त्यांचा सत्कार केला. निवृत्तीनंतर भारतात परतून हिमालयाच्या सान्निध्यात चिंतनात उर्वरित आयुष्य घालविण्याचा आपला मनोदय त्यांनी त्या प्रसंगी बोलून दाखविला. परंतु दि. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मॅसॅच्युसेट्समधील नीडम येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांनी जमविलेली कल्पसूत्राची पाने बोस्टनलाच राहिली.