नाशिक-पुणे रस्त्यावरच्या त्या अवाढव्य तबकड्यांची सुरुवात होमी भाभांच्या एका तारेने झाली होती

नाशिकहून पुण्याला निघालात की सिन्नर जातं, संगमनेर जातं, आळेफाटा मागे पडतो आणि नारायणगाव येतं. इथून खोडदच्या दिशेने आत वळलं की द्राक्षबागा आणि उसाच्या मध्ये पांढऱ्या, जाळीदार, आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या तबकड्या दिसायला लागतात. एकेका तबकडीचा व्यास 45 मीटर. अशा एकूण 30. हीच ती जीएमआरटी, जगातल्या सगळ्यात मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक.

ही दुर्बीण उभी केली गोविंद स्वरूप यांनी, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण स्वरूप अमेरिकेतली नोकरी सोडून भारतात आले कसे? त्यांना पैसे कोणी दिले? आणि तेही अशा काळात, जेव्हा देशात धान्यसुद्धा बाहेरून मागवावं लागत होतं?

हे सगळं होमी जहांगीर भाभा या माणसापाशी जाऊन थांबतं. भाभा म्हटलं की आपल्याला अणुभट्टी आठवते. दुर्बीण आठवत नाही.

भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 चा, मुंबईच्या सुखवस्तू पारशी घरातला. वडील बॅरिस्टर. आत्या मेहेरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे मुलाचं भविष्य घरच्यांनी ठरवूनच टाकलं होतं. केंब्रिजला जायचं, मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं आणि परत येऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागायचं.

होमी केंब्रिजला गेले खरे, पण तिथे त्यांना फिजिक्सने पछाडलं. घरी पत्रापत्री झाली. शेवटी वडिलांनी अट घातली की आधी इंजिनिअरिंगमध्ये फर्स्ट क्लास आण, मग गणिताचा खर्च मी करतो. 1930 मध्ये त्यांनी तो आणला. पुढच्या काही वर्षांत कॉस्मिक किरणांवरच्या कामामुळे त्यांचं नाव युरोपभर झालं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात, त्या प्रक्रियेला आजही भाभा स्कॅटरिंग म्हणतात.

1939 मध्ये ते सुट्टीसाठी घरी आले आणि तिकडे महायुद्ध पेटलं. परतीचा रस्ता बंद. मग बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, सी. व्ही. रामन यांच्याकडे, त्यांनी काम सुरू केलं. युद्ध संपलं की परत जायचं हेच डोक्यात होतं, पण विचार बदलला आणि ते इथेच राहिले.

पैसा उभा करण्याची भाभांची पद्धत इथूनच दिसायला लागते.

12 मार्च 1944 ला त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिलं. मूलभूत संशोधनासाठी देशात एक संस्था हवी, उद्या अणुऊर्जा वापरात येईल तेव्हा त्यातली माणसं बाहेरून आणायची वेळ यायला नको, असा त्याचा आशय होता. लक्षात घ्या, हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून सव्वा वर्षाहून जास्त अवकाश होता. भाभांचं वय होतं 34. ट्रस्ट तयार झाला, मुंबई सरकारनेही हात दिला आणि 1945 मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली. पहिल्या वर्षाचं बजेट साधारण 80 हजार रुपये. मुंबईतला पत्ता होता पेडर रोडवरचा केनिलवर्थ बंगला, म्हणजे घरचीच जागा.

सरकारी पद्धत काय असते? आधी इमारत, मग पदं मंजूर, मग जाहिरात आणि सगळ्यात शेवटी माणूस. भाभा हा क्रम उलटा करायचे. आधी चांगला माणूस शोधायचा, मग त्याच्याभोवती विभाग उभा करायचा. माणूस मिळाला नाही तर तो विषय सुरूच करायचा नाही.

हे त्यांना परवडत होतं, कारण त्यांच्या हातात तशी सत्ता होती. 1948 मध्ये अणुऊर्जा आयोग झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष. 1954 मध्ये अणुऊर्जा विभाग झाला आणि भाभा त्याचे सचिव. हा विभाग थेट पंतप्रधानांकडे आणि कचेरी दिल्लीत नाही, मुंबईत. 1958 पासून तर आयोगाला आर्थिक अधिकारही मिळाले. फाईल अर्थखात्यात महिनोन् महिने पडून राहायचा प्रश्न बराचसा मिटला. टीआयएफआरलाही पैसा याच विभागातून यायचा.

आता येऊ 1961 कडे. ऑगस्टमध्ये अमेरिकेत बर्कलेला जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांचं अधिवेशन होतं. तिथे परदेशात काम करणारे चार भारतीय एकत्र बसले. गोविंद स्वरूप, एम. आर. कुंडू, टी. के. मेनन आणि टी. कृष्णन. सगळे रेडिओ खगोलशास्त्रातले, म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश नाही तर त्यांच्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडून अभ्यास करणारे. चौघांनी ठरवलं की आपण एकत्र भारतात परतू, पण तिथे एखादी संस्था मोठी दुर्बीण उभारायला तयार हवी. सप्टेंबरमध्ये त्यांनी तसा प्रस्ताव भारतातल्या पाच ठिकाणी पाठवला.

स्वरूप यांना आधीचा अनुभव काही बरा नव्हता. ते 1953 मध्ये ऑस्ट्रेलियात शिकायला गेले होते. तिथे सूर्याच्या निरीक्षणासाठी वापरलेल्या 32 छोट्या तबकड्या, प्रत्येकी 6 फुटांच्या, मोडीत निघणार होत्या. त्या भारताला फुकट द्यायला ऑस्ट्रेलियन संस्था तयार झाली. मग प्रश्न आला की जहाजाचं भाडं कोणी भरायचं? ते ठरण्यातच इतका काळ गेला की कंटाळून स्वरूप अमेरिकेला निघून गेले. तबकड्या नंतर दिल्लीत पोहोचल्या आणि नुसत्या पडून राहिल्या.

त्यामुळे 1961 च्या प्रस्तावाचं काय होणार, याची शंका असणं साहजिक होतं. भाभांनी मात्र परदेशातल्या नामवंत खगोलशास्त्रज्ञांकडे या चौघांबद्दल चौकशी केली. उत्तरं चांगली आली. जानेवारी 1962 मध्ये कुलाब्याला टीआयएफआरच्या नव्या इमारतीचं उद्घाटन नेहरूंच्या हस्ते झालं आणि त्याच महिन्यात भाभांनी तार पाठवली. रेडिओ खगोलशास्त्राचा गट सुरू करायचं ठरलं आहे, पत्र मागून येत आहे, एवढाच मजकूर. प्रस्ताव गेल्यापासून जेमतेम चार महिने झाले होते.

याला दुसरी बाजूही आहे. एकाच माणसाच्या हातात इतकं सगळं असणं सगळ्यांना पटत नव्हतं. मेघनाद साहांसारख्या शास्त्रज्ञाने जाहीर टीका केली. आणि ज्या 1962 मध्ये स्वरूप यांना तार गेली, त्याच वर्षी टीआयएफआरने दामोदर धर्मानंद कोसंबींचा करार पुढे वाढवला नाही. डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला ये-जा करणारा हा गणिती आणि इतिहासकार अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेवर भर द्या असं सांगत होता. माणूस पारखण्याची भाभांची हातोटी मोठी होती, पण कोणाला ठेवायचं आणि कोणाला नाही, हेही त्याच ताकदीने ठरत होतं.

1963 मध्ये स्वरूप मुंबईत आले. चौघांपैकी कुंडू आणि मेनन नंतर काही वर्षं येऊन परत गेले, स्वरूप मात्र कायमचे राहिले. दिल्लीत धूळ खात पडलेल्या त्या 32 तबकड्या आणून 1965 मध्ये कल्याणला बसवल्या आणि भारतातल्या नव्या पोरांचा हात त्यावर बसला.

पण खरी उडी पुढची होती. तेव्हा ऑस्ट्रेलियात एक युक्ती यशस्वी झाली होती. चंद्र सरकताना एखाद्या रेडिओ स्रोताच्या आड येतो, तेव्हा त्याच्या लहरी नेमक्या कोणत्या क्षणी बंद होतात आणि पुन्हा कधी सुरू होतात हे मोजलं की त्या स्रोताची जागा आणि आकार अगदी बारकाईने कळतो. हे सतत करायचं तर चंद्राच्या मागे तासन् तास फिरणारी प्रचंड दुर्बीण हवी. एवढा मोठा सांगाडा दोन दिशांना फिरवणं म्हणजे अफाट खर्च.

स्वरूप यांनी डोकं लढवलं. भारत विषुववृत्ताच्या जवळ आहे. अक्षांश जितका, तितक्याच उताराचा, उत्तर-दक्षिण पसरलेला डोंगर शोधायचा. त्या उतारावर लांबलचक दुर्बीण आडवी घातली की तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो. मग ती एकाच अक्षाभोवती फिरवली तरी चंद्राचा पाठलाग होतो. तमिळनाडूत उटीजवळ 11 अंशांच्या आसपास उतार असलेली जागा सापडली. दुर्बिणीची लांबी 530 मीटर, रुंदी 30 मीटर, आरशाच्या जागी 1100 स्टीलच्या तारा. सगळं काम देशातच करायचं.

याआधी असलं काही भारतात कोणी बांधलं नव्हतं. मागणाऱ्या माणसाचं वय पस्तिशीच्या आसपास, गट लहान आणि नवखा. मध्ये चीनशी युद्ध झालेलं, 1965 मध्ये पाकिस्तानशी झालं, पाऊस दगा देत होता. अशा वेळी चंद्राच्या सावलीचं मोजमाप करायला पैसे द्यायचे का, हा प्रश्न कोणीही विचारला असता आणि तो चुकीचा नव्हता. भाभांनी पैसे दिले. जगात पहिल्या रांगेतलं काम करता येईल असा प्रश्न आणि तो सोडवू शकणारा माणूस, दोन्ही हाताशी होते. त्यांना तेवढं पुरेसं होतं.

हिशेबात न बसणाऱ्या गोष्टींवर खर्च करायची त्यांना तशी सवयच होती. स्वतः चित्रं काढायचे, पाश्चात्त्य संगीताचे वेडे. टीआयएफआरच्या भिंतींसाठी त्यांनी हुसेन आणि त्या पिढीच्या चित्रकारांची चित्रं विकत घेतली, तीही ते एवढे मोठे होण्याआधी.

उटीची दुर्बीण त्यांना बघायला मिळाली नाही. 24 जानेवारी 1966 ला एअर इंडियाचं कांचनजंगा हे विमान मॉन्ट ब्लाँकवर कोसळलं. 117 जण गेले, त्यात भाभा होते. वय 56. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधी पंतप्रधानपदाची शपथ घेत होत्या.

टीआयएफआरची सूत्रं एम. जी. के. मेनन यांच्याकडे गेली. काम थांबलं नाही आणि 1970 मध्ये उटीची दुर्बीण सुरू झाली. तिथे तयार झालेल्या माणसांना घेऊन स्वरूप यांनी 1980 च्या दशकात त्याहून कितीतरी मोठी दुर्बीण आखली. शहरांच्या रेडिओ गोंगाटापासून लांब, डोंगरांनी आडोसा दिलेली जागा शोधत ते खोडदला पोहोचले. भक्कम पत्र्याऐवजी दोरखंडांवर ताणलेली तारेची बारीक जाळी वापरून तबकड्या हलक्या केल्या, म्हणून खर्च आवाक्यात आला.

दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ही जागा सगळ्यांसाठी खुली करतात. आसपासच्या शाळांची पोरं गाड्या भरभरून येतात. आत जायचं तर मोबाइल बंद ठेवावा लागतो.