दोऱ्याने मोजलेला समुद्र

परवा मी शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून न्यूयॉर्क ते पॅरिस अंतर मोजलं. आधी विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळला. ते झाले ४०,००० किलोमीटर. न्यूयॉर्क-पॅरिसचा दोरा त्याचा जवळजवळ सातवा भाग भरला, म्हणजे सुमारे ५,८०० किलोमीटर. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर चुकतं, कारण पृथ्वी गोल आहे. ही युक्ती माझी नाही बरं का! ती वापरली होती वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी.

लिंडबर्ग यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०२ रोजी अमेरिकेतील डेट्रॉईट शहरी झाला. बालपण मिनेसोटा राज्यात शेतावर गेलं. यंत्रांची त्यांना भारी आवड! पुढे ते विमान चालवायला शिकले आणि सेंट लुईस ते शिकागो टपाल नेऊ लागले.

त्या वेळी न्यूयॉर्क आणि पॅरिस यांमधलं अंतर वाटेत कुठेही न उतरता उडून जाणाऱ्यास २५,००० डॉलरचे बक्षीस होते. पण मध्ये अटलांटिक महासागर! १९२६ साली एक विमान उडतानाच कोसळून दोघे मेले. ८ मे १९२७ रोजी पॅरिसहून निघालेले दोन फ्रेंच वैमानिक पुन्हा कधीच दिसले नाहीत.

लिंडबर्ग सॅन दिएगो येथे आपले विमान बांधून घेत होते. पेट्रोल किती घ्यायचं? कमी पडलं तर समुद्रात बुडायचं. फार जास्त घेतलं तर विमान जमिनीवरून उठायचंच नाही. मग ते वाचनालयात गेले आणि तिथल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणला. ३,६०० मैल भरले! त्या हिशेबाने सुमारे १,७०० लिटर पेट्रोल घेतले. वजन वाचावे म्हणून रेडिओ नाही, हवाई छत्री नाही, सोबतीला माणूससुद्धा नाही.

२० मे १९२७ रोजी सकाळी ७ वाजून ५२ मिनिटांनी ते न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट फील्डवरून उडाले. वाटेत धुके लागले, विमानावर बर्फ साचू लागला. सर्वांत मोठा वैरी म्हणजे झोप, कारण आदल्या रात्रीही डोळा लागला नव्हता. तरी ते जागे राहिले.

दुसऱ्या दिवशी रात्री १० वाजून २२ मिनिटांनी ते पॅरिसच्या ले बुर्जे विमानतळावर उतरले. घड्याळं पाहिली तर साडेअडतीस तास होतात. पण पॅरिसचं घड्याळ न्यूयॉर्कच्या पाच तास पुढे. म्हणून प्रवास झाला साडेतेहेतीस तासांचा.

जगभर कीर्ती झाली, पण दुःखही वाट्याला आलं. १९३२ साली त्यांच्या लहानग्या मुलाला पळवून नेऊन मारण्यात आले. २६ ऑगस्ट १९७४ रोजी हवाई बेटांवर लिंडबर्ग यांचे निधन झाले.

आज जेट विमान न्यूयॉर्कहून पॅरिसला सुमारे सात तासांत पोचते. परतताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून तासभर जास्त लागतो. अंतर मात्र तेवढंच आहे.

मित्रांनो, मधल्या सुट्टीत तुम्हीही मोजून पाहा. पण दोरा नीट ताणा हं! लिंडबर्ग यांचा जीव त्या दोऱ्यावरच होता.