वाणीचं तप आणि शाहू महाराज

आजचं वाचन गीतेच्या १७व्या अध्यायातलं. कुणाला न दुखवणारं, खरं आणि हिताचं बोलणं हेही तपच.

मला शाहू महाराज आठवले. जन्म १८७४, कागलच्या घाटग्यांत. दत्तक आले, १८९४ ला राज्यकारभार हाती घेतला. वेदोक्ताच्या वादात स्वतः अपमान सोसला. मुसलमान पोरं शाळेपासून लांब राहतात हे दिसलं, तेव्हा १९०६ मध्ये त्यांच्यासाठी बोर्डिंग काढलं, संस्थेचं अध्यक्षपदही स्वतःकडे घेतलं. राजाने! ४७व्या वर्षी गेले. बोर्डिंग दसरा चौकात अजून आहे.

१४ जुलै २०२४ ला विशाळगडाजवळ गजापुरात जमावाने घरं, मशीद फोडली. आमच्या मलकापुरात फोनवर नुसते मेसेज. एक मीही न तपासता पुढे ढकलला. नंतर डिलीट केला, तोवर सतरा जणांनी वाचला होता.