बाबूराव पेंटर
बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (जन्म : कोल्हापूर, ३ जून १८९०; मृत्यू : कोल्हापूर, १६ जानेवारी १९५४) हे मराठी चित्रकार, शिल्पकार व चित्रपट-दिग्दर्शक होते. नात्यातील बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी चित्रीकरणाचा कॅमेरा स्वतः बनवण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले; पुढे दामल्यांच्या साहाय्याने बाबूरावांनी ते काम तडीस नेले. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला मूकपट सैरंध्री (१९२०) होय. पौराणिक चित्रपटांच्या त्या काळात त्यांनी ना. ह. आपटे यांच्या कथेवर सावकारी पाश (१९२५) काढला. कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. जाणकारांनी वाखाणलेल्या या मूकपटाला प्रेक्षकांचा अपेक्षित प्रतिसाद मात्र लाभला नाही. १९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आदी सहकाऱ्यांनी बाहेर पडून प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. बाबूरावांनी १९३६ मध्ये सावकारी पाश बोलपटरूपात पुन्हा पडद्यावर आणला.