आइस्क्रीम वितळलं आणि होडीला इंजिन लागलं: कोण होते ओले एव्हिनरूड?

तारकर्लीला किंवा गोव्यात बोट राइड करून परत येताना हे दृश्य कदाचित तुम्हीही पाहिलं असेल. होडी किनाऱ्याला लागलेली, मागे लटकणाऱ्या इंजिनाला पाण्याचा पाइप जोडलेला आणि इंजिन जागच्या जागी सुरू. आत्ताच समुद्रातून आलेल्या इंजिनाला पुन्हा पाणी कशाला?

या प्रश्नाचं उत्तर इंजिनाच्या रचनेत आहे. आणि ही रचना घराघरात पोहोचवणाऱ्या माणसाने तिची सुरुवात समुद्रावर नाही, तर गोड्या पाण्याच्या तलावावर केली होती.

ओले एव्हिनरूड यांचा जन्म १८७७ मध्ये नॉर्वेतला. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत आलं आणि विस्कॉन्सिन राज्यात रिपली तलावाजवळ शेती करू लागलं. शाळा अर्धवटच राहिली. मुलाने होड्यांच्या नादी लागू नये, असं वडिलांना वाटायचं. ओलेंनी लपूनछपून बांधलेली पहिली होडी वडिलांनी मोडून टाकली, असं सांगतात. पोराने दुसरी बांधली! सोळाव्या वर्षी घर सोडून ते मॅडिसनला गेले आणि वेगवेगळ्या शहरांतल्या कारखान्यांत यंत्रांचं काम शिकले.

यानंतरचा किस्सा सगळ्यात प्रसिद्ध आहे. ओकाउची तलावावर सहल होती, कडक ऊन होतं आणि बेस केरीला आइस्क्रीम हवं होतं. ओले वल्ही मारत तलावापलीकडे गेले, परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं. किस्सा किती तिखटमीठ लावलेला आहे कोण जाणे, पण १९०६ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि १९०९ मध्ये ओलेंची आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायची मोटर, बाजारात आली. वजन सुमारे २८ किलो, ताकद दीड हॉर्सपॉवर. अशी मोटर बनवणारे ते पहिले नव्हते. कॅमेरॉन वॉटरमन यांची मोटर आधीच विक्रीला होती. पण लोकांनी उचलून धरली ती एव्हिनरूडची. यात बेस यांचा मोठा वाटा होता. धंद्याचा पत्रव्यवहार आणि जाहिराती त्या सांभाळत. वल्ही टाकून मोटर लावा, असं सांगणारी गाजलेली जाहिरात त्यांचीच.

आता पुन्हा त्या पाइपकडे येऊ. कारच्या इंजिनाला थंड ठेवायला रेडिएटर असतो. आउटबोर्डला त्याची गरजच नाही, कारण चारही बाजूंनी पाणी आहे. तेच खालून आत ओढायचं, इंजिनात फिरवायचं आणि बाहेर सोडायचं. तलावावर हे झकास चालतं. समुद्रात मात्र आत जाणाऱ्या प्रत्येक लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. इंजिन बंद केलं की बरंचसं पाणी निथळतं, उरलेलं गरम धातूवर सुकतं आणि मीठ आतच राहतं. हे रोज होत राहिलं की अरुंद वाटा बुजतात, धातू गंजतो आणि एक दिवस इंजिन भर समुद्रात तापून बंद पडतं.

ओलेंच्या मोटरलाही समुद्र लवकरच गाठावा लागला. ऑलुफ मिकेल्सन या निर्यात व्यावसायिकामुळे स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांकडून मोठी मागणी आली. ज्या भागातून एव्हिनरूड कुटुंब निघालं होतं, तिथेच मोटर परत पोहोचली.

धंदा तेजीत असताना बेस यांची तब्येत ढासळली. १९१४ मध्ये ओलेंनी आपला हिस्सा भागीदार ख्रिस मेयर यांना विकला आणि पाच वर्षं आउटबोर्ड न बनवण्याचं मान्य केलं. स्वतःचं नाव असलेली कंपनी बायकोसाठी सोडणं मला त्या आइस्क्रीमपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

मुदत संपल्यावर ते नवी मोटर घेऊन आले. तिच्यात अॅल्युमिनियमचा भरपूर वापर होता. ३ हॉर्सपॉवर असूनही वजन जेमतेम २२ किलो. मेयर यांनी ती नाकारली, म्हणून एव्हिनरूड दांपत्याने 'एल्टो' ही नवी कंपनी काढली. १९२९ मध्ये जुनी कंपनी, एल्टो आणि लॉकवुड एकत्र आल्या आणि त्यांची सूत्रं ओलेंकडे आली. आजच्या आउटबोर्डमध्येही अॅल्युमिनियमच जास्त असतं. हा धातू हलका खरा, पण खारं पाणी त्याला खातं, म्हणून धुणं आणखी गरजेचं.

धुण्याची पद्धत सोपी आहे. पाणी आत घेणाऱ्या जाळ्यांवर पाइप जोडलेल्या रबरी वाट्या बसवतात. आधी नळ, मग इंजिन, तेही न्यूट्रलमध्ये. उलटं केलं तर पंपातला रबरी पंखा कोरडा फिरून थोड्याच वेळात खराब होतो. मागून पाण्याची धार नीट येतेय ना, हे बघत काही मिनिटं चालू ठेवायचं. काही नव्या इंजिनांना धुण्यासाठी वेगळं तोंड असतं आणि तिथे इंजिन बंद ठेवावं लागतं, त्यामुळे आधी मॅन्युअल बघा.

१९३३ मध्ये बेस गेल्या. पुढच्याच वर्षी, जुलै १९३४ मध्ये, ५७ व्या वर्षी ओलेही गेले. मुलगा राल्फने धंदा पुढे नेला. एव्हिनरूड नावाच्या आउटबोर्डचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं.