हिमखिंडीतील गोव्याचा पाद्री

ज्या १६२४ साली आपल्या मुरगावच्या किल्ल्याची उभारणी सुरू झाली, त्याच वर्षी गोव्याहून उत्तरेस गेलेला एक पाद्री हिमालयात छातीएवढ्या बर्फातून वाट काढीत होता. हे आंतोनियु द आंद्राद. १५८० मध्ये पोर्तुगालमधील ओलैरुश येथे जन्मलेले आंद्राद १६०० साली गोव्यास आले. पुढे आग्र्यास असता, हिमालयापलीकडे ख्रिस्ती वस्ती असल्याची वार्ता त्यांच्या कानी आली. यात्रेकरूंच्या मेळ्यातून ते बद्रीनाथमार्गे माणा गावी पोहोचले.

माणा खिंड सुमारे ५,६०० मीटर उंच. हिवाळाभर थरांवर थर साचलेला बर्फ उन्हाळ्याच्या आरंभी पाझरू लागतो. पाणी आत मुरून थरांची पकड सुटते आणि उतारावरून अख्खा थर घसरत येतो. हेच हिमस्खलन. गावकरी म्हणूनच बर्फ वितळण्याची वाट पाहत. आंद्रादांना तेवढा धीर कोठला! गढवालचा राजा अडवील या धास्तीने ते आधीच निघाले. वाटाड्या मध्येच परतला. बर्फावर पोहल्यासारखे अंग लोटीत ते खिंडीच्या माथ्यावर गेले. बोटे बधिरली, लखलखाटाने दृष्टी गेल्यासारखी झाली. पुढे सारे पांढरेशुभ्र, वाटेची खूणही नाही. ते मागे फिरले. हे मागे फिरणे मला त्यांच्या चढाईहून मोठे वाटते.

महिन्याभराने बर्फ उतरल्यावर तीच खिंड ओलांडून ऑगस्टमध्ये त्यांनी तिबेटातील त्सापरांग गाठले. १६२६ मध्ये तेथे चर्चची पायाभरणी झाली. पुढे ते गोव्यास परतले. १९ मार्च १६३४ रोजी येथेच विषप्रयोगाने त्यांचा अंत झाला.